ऐकायचं काम

गुरुवारी दुकान आठपर्यंत उघडं असतं.
बंदरावर धुकं, काउंटरखाली मालकाचं कुत्रं,
आणि दारात ऑर्विल निकल, ओल्या टोपीसकट.
कोटाच्या खिशातून पिवळी पडलेली एक तबकडी काढून
माझ्यापुढे ठेवतात.
"असलीच दे. स्वस्तातली.
पण टोस्टवर बोंबलणारी नको."

उघडून बघते. आत बॅटरी नाही,
तिच्या जागी एक वाळलेली माशी
आणि छापलेली तारीख, सव्वीस वर्षांपूर्वीची.
"बॅटरी व्हर्निसच्या रेडिओत गेली," ते म्हणतात,
"हवामान ऐकणं जास्त गरजेचं होतं."

इथल्या आगबंबावर मी बावीस वर्षं आहे, बिनपगारी.
आमची घरं लाकडाची, रंगावर रंग चढवलेली,
काहींच्या भिंतींत अजून भुसा भरलेला.
लोक ज्वाळेला घाबरतात.
मी सोफ्याला घाबरते.
एक ठिणगी उशीच्या शिवणीत जाऊन बसते
आणि तीन तास कुणाशी बोलत नाही,
नुसता धूर, पायमोजे घालून
जिना चढणारा.

"ह्याच्या पोटात एक बारीक दिवा आहे," मी सांगते,
"आणि दिव्याचा झोत चुकवून बसवलेला एक डोळा.
धूर आत शिरला की उजेड विखुरतो, डोळ्यावर पडतो.
मग हा कानाडोळा करत नाही."
ऑर्विल हसत नाहीत. खोकं उलटं करून
किंमत शोधतात.

मी बटण दाबते.

कुत्रं रंगाच्या डब्यांमागे पळतं.
खिळे मोजणारी मार्गिट हायसलर
दोन्ही कानांवर हात ठेवते, खिळे जमिनीवर.
ऑर्विल किंमत वाचत आहेत.
"दाब की," ते म्हणतात.

माझं बोट अजून बटणावरच होतं.

"कानातलं यंत्र रात्री कुठे असतं?"
"बशीत. दातांशेजारी."
मग बराच वेळ ते टोपीचं पाणी निथळू देतात.
"चूल माझ्याकडे होती. लाकडं माझ्याकडे.
रात्रीचं ऐकायचं काम तिच्याकडे.
दार, वारा, नळ, मुलांचा खोकला.
ती कोपर मारायची, मी उठायचो.
एकोणपन्नास वर्षं."

ह्या दुकानात चौदाशे वस्तू आहेत,
कोपर कुठल्या फळीवर, मला माहीत नाही.

मागच्या कपाटातून दुसरं खोकं काढते,
महागडं, दोन वर्षांत एकही न खपलेलं.
आवाज खालच्या पट्टीतला,
सोबत गादीखाली सारायची एक चपटी वडी.
बटण दाबते.
ऑर्विल मान वर करतात,
काचेतून बंदराकडे बघतात.
"धुक्याचा भोंगा?"
"नाही. हे."
वडी त्यांच्या तळहातावर थरथरू लागते
आणि ते मूठ मिटतात,
नुकत्याच पकडलेल्या माशावर मिटावी तशी.

तरी आठ डॉलर कमी करून घेतलेच.

शनिवारी शिडी घेऊन गेले.
एक झोपायच्या खोलीत, एक जिन्याच्या डोक्यावर,
एक तळघरात भट्टीपाशी, आणि टोस्टरपासून लांब.
तिघांचं एकमेकांशी जोडलेलं,
एक ओरडला की तिघे ओरडणार.
"बॅटरी दहा वर्षं," मी म्हटलं.
"मी नाही," ते म्हणाले, आणि तरीही
पेन्सिलीने आतल्या बाजूला तारीख घातली,
सुवाच्य, सावकाश.

वडी गादीच्या मधोमध सारत होते,
तर त्यांनी माझं मनगट धरलं.
"तिथे नको. डावीकडे.
कोपर तिकडून यायचं."

शिडी मिटून खाली आले.
स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता, कुणी ऐकत नसताना:
उद्याही धुकं, वारा आग्नेयेकडून,
छोट्या होड्यांनी जपून.